टाकीत माणसं आहेत

पेजर म्हणजे काय हे आता नातवाला समजावून सांगावं लागतं. खिशात मावणारी काळी डबी. ती थरथरायची, तिच्या काचेवर दोन-तीन ओळी उमटायच्या, आणि तिच्यावरून उलट काही बोलता यायचं नाही. “मग रिप्लाय कसा द्यायचा?” तो विचारतो. द्यायचाच नाही, मी सांगते. वाचायचं आणि जवळचा टेलिफोन शोधत पळायचं. त्याला हे इतकं वेडगळ वाटतं की मी थापा मारतेय असंच तो धरून चालतो. पण माझी पहिली नोकरी त्या डबीच्या दुसऱ्या टोकाला होती. ज्याला निरोप द्यायचा असेल तो आमच्या ऑफिसात फोन करायचा, डबीचा नंबर सांगायचा आणि काय ते बोलायचा. आम्ही मुली कानाला हेडफोन लावून ते टाइप करायचो, त्याला वाचून दाखवायचो आणि पाठवायचो. मराठी निरोपसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहावा लागे. गुलटेकडीला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते ऑफिस होतं. खाली हमालांची आरडाओरड, ट्रकचे हॉर्न, सडलेल्या कोबीचा वास. वर जाड पडदे, एसीची गारठवणारी हवा आणि एकाच वेळी बोलणाऱ्या पोरींचे हळू, गोड केलेले आवाज. मला खालचं जास्त ओळखीचं होतं.

मी लोणी काळभोरची. घर हायवेपासून आत, पण इतकंही आत नाही की सोलापूरकडे जाणारे ट्रक ऐकू येऊ नयेत. त्या घरघरीची इतकी सवय होती की कधी रस्ता अडला आणि आवाज थांबला की आई भाकरी थापता थापता हात थांबवून विचारायची, “काय झालं गं?” अण्णा, म्हणजे माझे वडील, कोथिंबीर आणि मेथी करायचे. माल टेम्पोनं मार्केट यार्डात जायचा, आणि घरात फोन नसल्यामुळे आडत्याला काही कळवायचं तर ते टेम्पोवाल्या बबनच्या तोंडीच. हे काम आईचं. ती दारात उभी राहून त्याला निरोप सांगायची आणि लगेच उलटतपासणी घ्यायची.

“काय सांगशील?”

“हेच की, उद्या मेथी न्हाई येत.”

“आन् कोथमीर?”

“ती येतीय की.”

“मंग तेबी सांग. न्हाईतर त्ये म्हनतील समदंच बंद झालं.”

बबन कंटाळायचा, स्टेअरिंगवर बोटं वाजवायचा, पण सगळं परत म्हणून दाखवल्याशिवाय आई टेम्पोसमोरून हलायची नाही. मग संध्याकाळी चुलीवर शेंगोळी रटरटायची. हुलग्याच्या पिठाच्या त्या वळलेल्या कड्या, वर लसणाची फोडणी, आणि ताटाच्या कडेला कांदा, हातानं फोडलेला. जेवताना आमच्याकडे कुणी फार बोलत नसे. बोललं तर कामाचं. पाहुणे आम्हाला तुसडे समजत. मला मात्र अजूनही, कुणी वाक्याच्या सुरुवातीला बराच वेळ घुटमळायला लागलं की, ताटातलं निवतंय असं वाटतं.

बी.कॉम. झाल्यावर अण्णांच्या ओळखीनं ही नोकरी लागली. आमच्या सुपरवायझर जोशी मॅडम. बारीक अंगाच्या, सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर. पहिल्याच दिवशी एका ग्राहकाला मी म्हटलं, “नंबर बरोबर हाय का?” मॅडमनी फोन संपेपर्यंत थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “शालनताई, इथे ‘आहे’ म्हणतात. ‘हाय’ फक्त मॅनेजर मेहरा साहेब म्हणतात, तेही इंग्रजीत.” पोरी खिदळल्या. माझे कान तापले. त्या दिवशी बसमध्ये मी ठरवलं की फोनवर ‘आहे’ म्हणायचं, कारण फोन कंपनीचा आहे, आणि बसमधून उतरलं की ‘हाय’ म्हणायचं, कारण तोंड माझं आहे. अण्णांना वाटलं होतं पोरगी शहरात जाऊन चार दिवसांत बदलेल. मी बदलले नाही, हे मला आजही मिरवावंसं वाटतं.

काम कंटाळवाणं असेल असं वाटलं होतं, पण निघालं भलतंच. माणसं किती अर्धवट बोलतात हे मला तिथे कळलं. “त्याला म्हणावं झालं नाही.” “सांगा, मी तिथेच आहे.” “तेच परवाचं घेऊन ये.” बोलणाऱ्याच्या डोक्यात सगळं चित्र असतं, आणि काचेवर उमटलेल्या तीन ओळी वाचणारा कुठल्यातरी चौकात कपाळाला आठ्या घालून उभा असतो. सगळ्यात वाईट निरोप म्हणजे ‘अर्जंट घरी ये’. तो मी सुरुवातीला रोज टाइप केला. मग एकदा एका माणसाचा पेजर वाजल्यावर त्यानं पहिला फोन आम्हालाच केला. घरचा फोन लागत नव्हता. रडत विचारत होता, “मॅडम, कोणाचं काय झालं, निरोप देताना बायको काही बोलली का हो?” त्याची आई आजारी होती. मी काय सांगणार? मला मजकुराशिवाय काही माहीत नव्हतं. त्याचा परत कधी फोन आला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं त्याच नंबरसाठी फोन केला तेव्हा मी न राहवून विचारलं. ती हसत म्हणाली, गॅसचा सिलिंडर आला होता, उचलायला कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी विचारायला लागले. काय झालंय ते एका शब्दात सांगा. कुठे यायचं? कुणी? बरेच जण खूश व्हायचे, काही वैतागायचे. जोशी मॅडमनी मला दोनदा समज दिली. “आपण पोस्टमन आहोत. पोस्टमन पत्र फोडून शुद्धलेखन तपासत नाही.” नियमही तसाच होता: ग्राहक बोलेल तेच टाइप करायचं, जास्त प्रश्न विचारायचे नाहीत, पुढचा फोन घ्यायचा. मी मान हलवायचे आणि विचारायचे.

तो फोन दुपारी आला. कात्रजकडे एका बिल्डरची मोठी साइट चालू होती आणि त्या बिल्डरकडे आमचे इतके पेजर होते की त्यांचा फोन म्हटलं की पोरी खुर्चीत सरळ बसायच्या. साइटचा सुपरवायझर बोलत होता. मागे काँक्रीट मिक्सरचा खडखडाट.

“ग्रुपला टाका. टाकी झाली, पंप लावा.”

ग्रुपला म्हणजे त्या साइटच्या सगळ्या पेजरना एकदम: प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला आणि खुद्द बिल्डरलाही. मी टाइप केलं, आणि वाचून दाखवताना अडखळले.

“साहेब, टाकी एकच आहे का तिथे?”

“दोन आहेत. ए बिल्डिंगची आणि बी ची. का?”

“मग कुठली झाली?”

“ए ची. त्याला माहितीये ते.”

“प्लंबरला?”

“अहो बाई, तुम्हाला काय करायचंय? टाका ना सांगतोय तसं.”

“टाकते. फक्त बी ची अजून व्हायची आहे, असं लिहू का? म्हणजे घोटाळा नको.”

मिक्सर चालूच होता. “बी मध्ये माणसं आहेत अजून,” तो म्हणाला, जरा हळू. “आतून प्लास्टर चाललंय.”

मी आधीचं सगळं पुसलं. नवीन टाइप केलं आणि त्याला सावकाश वाचून दाखवलं: फक्त ए चा पंप लावा. बी च्या टाकीत माणसं आहेत. बी चा पंप लावू नका. “बरोबर आहे, साहेब? पाठवू?”

“हां हां, टाका,” असं म्हणून त्यानं फोन आपटला. मी पाठवलं आणि पुढचा फोन घेतला. डेक्कनवरच्या कुणालातरी चष्मा विसरल्याचं कळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मेहरा साहेब दिल्लीकडचे, पुण्यात मुरलेले, मराठी हिंदीच्या अंगानं बोलायचे. रागीट नव्हते, रागीट माणूस मला परवडला असता. बिल्डरच्या ऑफिसातून तक्रार आली होती. तुमच्या ऑपरेटरनं आमच्या माणसाच्या तोंडी नसलेले शब्द घातले, असं. घडलं होतं ते असं, की बी ची टाकी पूर्ण झाली म्हणून त्या सुपरवायझरनं बिल्डरला आदल्या दिवशी सकाळीच छातीठोकपणे सांगितलं होतं. दुपारी बिल्डरच्या खिशात डबी थरथरली आणि तिच्यावर आलं, बी च्या टाकीत माणसं आहेत. त्यानं सुपरवायझरला फैलावर घेतलं, आणि सुपरवायझरनं हात वर केले: मी असं बोललोच नाही, त्या पोरीनं लिहिलं.

“मी त्यांना वाचून दाखवलं, साहेब. ते ‘टाका’ म्हणाले.”

“असेल. पण बडा क्लायंट आहे. एक छोटी माफी. बस, खतम.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. जोशी मॅडमच्या अक्षरात मजकूर तयार होता: ‘अनवधानाने निर्माण झालेल्या गैरसमजामुळे आपणास जी असुविधा झाली, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ खाली माझं नाव आणि सहीसाठी जागा.

मी तो परत परत वाचला. वाक्य सुंदर होतं. कुठेही काना-मात्रा चुकलेली नव्हती. “साहेब, यात कोणी काय केलं ते कुठंय?”

“म्हणजे?”

“गैरसमज कुणाचा झाला? मला झाला नाही. त्या सुपरवायझरना झाला नाही. बिल्डरना तर पहिल्यांदाच नीट समजलं. आणि दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे म्हणजे कोण करतंय? मी तर नाही करत.”

मेहरा साहेबांनी कागद माझ्याच पुढ्यात राहू दिला. मग म्हणाले, उद्यापर्यंत विचार कर. सही नाही करायची तर खुलासा लिहून आण, आणि तोही समजूतदारपणे लिही.

आज मी कंपन्यांमधल्या तरुण मुलांना ईमेल कसे लिहावेत हे शिकवायला जाते. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत, गळ्यात पट्टे अडकवलेली हुशार मुलं समोर बसलेली असतात. त्यांना मी विचारते, ‘विलंबाबद्दल खेद आहे’ असं लिहिलंयस, तर उशीर कोणी केला? एक मुलगी एकदा म्हणाली, “मॅम, ते तसं लिहिलं की ब्लेम कोणावरच येत नाही.” मी म्हटलं, अगदी बरोबर, आणि म्हणूनच उद्या पुन्हा उशीर होतो. माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही सेक्रेटरी आधी शुभ सकाळ, मग सर्व सन्माननीय सभासद, मग सहकार्याची अपेक्षा, आणि अगदी तळाला, उद्या पाणी येणार नाही. मी खाली लिहिते: पाणी किती वाजेपर्यंत नाही ते लिहा. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

त्या संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा अण्णांचा घास हातातच राहिला. “सई करायला काय जातं? कागुद हाय त्यो. कोन वाचतंय?”

“मी वाचलाय ना,” मी म्हटलं.

“लई शानी झाली. नोकऱ्या काय बांधावर उगवत्यात का?” ते ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत धड. त्यांच्या ओळखीची नोकरी होती. ज्या माणसानं लावून दिली त्याला ते तोंड कसं दाखवणार, हे त्यांच्या डोक्यात होतं. मला ते कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. तरी सही करायला हात तयार नव्हता.

आई चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. तिनं एकच विचारलं. “त्या टाकीतल्या मानसांचं काय झालं?”

दिवसभरात हे कुणीही विचारलं नव्हतं. ना मेहरा साहेबांनी, ना जोशी मॅडमनी, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या मी साइटवर फोन लावला. वॉचमननं उचलला. “ती? आली की वर सांजच्याला. चहा पिऊन गेली.” मी कुणाचा जीव वाचवला असं मी कधीच म्हटलेलं नाही. प्लंबरला सगळं ठाऊकही असेल. कुठली टाकी ते त्याला न सांगताही कळलं असेल. मला एवढंच म्हणायचं आहे, की ते त्याला कळलं असेल, यावर मी त्या माणसांना टाकीत सोडायला तयार नव्हते.

मग मी खुलासा लिहिला. मराठीत, हातानं. ‘बी बिल्डींगच्या टाकीत माणसं आहेत असं तुमच्या सूपरवायझरनी मला फोनवर सांगितलं. ते मी निरोपात लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी टाका म्हटल्यावर पाठवलं. पुन्हा असा फोन आला तर मी हेच करीन.’ खाली सही.

सगळे कागद जोशी मॅडमच्या हातूनच केबिनमध्ये जायचे. त्यांनी चष्मा सावरला आणि उभ्या उभ्याच वाचला. त्यांनी पेन काढलं.

“‘बिल्डिंग’ची दुसरी वेलांटी ऱ्हस्व. ‘सुपरवायझर’ला पहिला उकार. आणि ‘करीन’ बरोबर लिहिलंयस, मला वाटलं होतं ‘करेन’ लिहिशील.”

“बरं. आणि बाकीचं?”

“बाकीचं काय? बाकीच्यात चूक नाहीये.” त्यांनी कागद परत दिला. “स्वच्छ प्रत काढून आण. आणि एक शब्द बदललास तर मी घेणार नाही.”

आमची मैत्री वगैरे कधी झाली नाही. माफीचा तो गुळगुळीत मजकूर त्यांनीच लिहिला होता, आणि त्याबद्दल त्या मला काही बोलल्या नाहीत. पण माझा कागद त्यांनी त्याच दिवशी केबिनमध्ये नेऊन ठेवला, सगळ्यात वर.

तो बिल्डरकडे गेलाच नाही. मेहरा साहेबांनी स्वतःच्या सहीनं दिलगिरी व्यक्त करून टाकली. मला फोनवरून उठवून आतल्या खोलीत पावत्या लावायला बसवलं. काही दिवस गेले, आणि एका दुपारी कंपनीचं पाकीट हातात आलं. ‘प्रशासकीय कारणास्तव आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही.’ मी पावत्यांचा गठ्ठा नीट रचला, पाकीट घेतलं आणि केबिनमध्ये जाऊन न विचारता खुर्चीत बसले.

“साहेब, मला का काढलंत?”

“लिहिलंय ना.”

“नाही लिहिलेलं. प्रशासकीय कारण म्हणजे काय? मी उशिरा आले? चोरी केली? उद्या दुसरीकडे गेले तर ते हेच वाचतील आणि मनाला येईल ते समजतील.”

“शालन, ये फॉर्मॅट है. सगळ्यांना हेच देतो.”

“मला वेगळं द्या. खरं कारण लिहून द्या, एका ओळीत. मी लगेच जाते.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर बसते.”

मी बसले. त्यांनी एक फोन घेतला, मग दुसरा. मधे चहा आला, एकच कप. त्यांना तो माझ्यासमोर पिणं जड गेलं. मी पाय खुर्चीच्या दांडीला घट्ट अडकवून ठेवले होते. उठायचं नाही हे पक्कं होतं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच मोठ्या माणसांसमोर बसले त्यानंतर, आणि त्या बसण्याइतकं कुठलंच अवघड गेलं नाही. शेवटी त्यांनी कंपनीचा कागद ओढला आणि इंग्रजीत, एका झटक्यात लिहिलं. वाक्याचा अर्थ असा: ‘शालन यांनी ग्राहकाची माफी मागण्यास नकार दिला, म्हणून मी त्यांना कामावरून काढले आहे.’ ‘मी’ काढले, असं स्वतःच्या हातानं लिहिलं त्यांनी. सही केली आणि माझ्याकडे न बघता कागद पुढे केला. मी मनापासून आभार मानले. त्या ऑफिसात मी वाचलेलं ते सगळ्यात स्पष्ट वाक्य होतं.

बाहेर जोशी मॅडमनी हात पुढे केला, कागद वाचला आणि ड्रॉवर उघडला. “शिक्का नसला तर लोक म्हणतील घरी बसून लिहिलाय,” म्हणाल्या, आणि कंपनीचा शिक्का जोरात आपटला.

पुढचा आठवडा अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मग मार्केट यार्डातच एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे, गाड्यांना आणि ग्राहकांना निरोप पाठवायला कुणीतरी हवंय असं कळलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, पंख्याखाली शेठ, भिंतीला टेकलेले ड्रायव्हर. शेठनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी सोडली नाही, काढलं, असं म्हणून शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला. त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा. म्हणाले, तुम्हीच सांगा काय लिहिलंय. मी मराठीत वाचून दाखवलं. भिंतीला टेकलेला एक ड्रायव्हर सरळ उभा राहिला.

“म्हणजे माफी मागितलीच नाही?”

“नाही.”

“का?”

“चूक नव्हती.”

शेठनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला, शिक्क्यावर अंगठा फिरवला. “आणि आमच्याकडे खरंच चूक झाली तर?”

“तर त्याच दिवशी मागेन. माझ्या शब्दांत, काय चुकलं ते लिहून.”

शेठनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “ठीक आहे. उद्यापासून या.”

“उद्या कशाला?” मी म्हटलं. “आज डबा आणलाय.”